डेपोची चार पानं

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९:४०
पेपरात पान सातवर खाली कोपऱ्यात जाहीर नोटीस. मुख्य चौकातल्या घोडा-ट्रामच्या जुन्या डेपोच्या जागी एकतीस मजली टॉवर. उंची शहाण्णव मीटर. हरकती तीस दिवसांत, म्हणजे २ एप्रिलला संध्याकाळी पाचच्या आत.

मी शांत आहे. नगररचना खात्याच्या वारसा कक्षाचा प्रमुख मी. (कक्षात मी एकटाच. जिन्याखालची खोली.) शहरातल्या संरक्षित इमारतींची यादी मी एकहाती केली आहे. एकशे तेरा इमारती. एकेक नोंद अशी की वाचणाऱ्याने तोंडात बोट घालावं. यादीतल्या इमारतीची वीट हलवायची कोणाची छाती नाही.

डेपो यादीत आहे. म्हणजे असल्यासारखाच आहे. तांत्रिकदृष्ट्या नाही. शहरातली सगळ्यात देखणी इमारत, तिची नोंद घाईत उरकायची मनाला पटेना. म्हणून शेवटी ठेवली, निवांत लिहू म्हणून. त्याला नऊ वर्षं झाली.

काळजीचं कारण नाही. मुदतीच्या आत नोंद दाखल केली की डेपो यादीत आणि टॉवर केराच्या टोपलीत. चार पानं तर लिहायची. एका बैठकीचं काम. शुक्रवारी दाखल करून टाकतो.

दुपारी बायकोला फोन करून सांगितलं. म्हणाली, तबेला ना? सगळं गाव डेपोला तबेला म्हणतं. निदान माझ्या घरात म्हणू नये.

मंगळवार, ४ मार्च. पहाटे ५:१५
ठरल्याप्रमाणे उठलो. टेबल आवरलं. ड्रॉवर आवरला. ड्रॉवरमध्ये जुने नकाशे सापडले, तेही लावून ठेवले. नवीन पेन. ७:३० वाजता शीर्षक लिहिलं. अधोरेखित केलं. उत्तम सुरुवात.

बायको चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, हेच शीर्षक तू नऊ वर्षांपूर्वी पण लिहिलं होतंस. मी म्हटलं, त्यावरूनच कळतं की ते योग्य आहे.

गुरुवार, ६ मार्च
जागेवर गेलो. बसल्या बसल्या इमारतीवर लिहिता येत नाही. तिच्या भिंतीला हात लावावा लागतो.

डेपोत खालच्या कमानींत पूर्वी घोडे बांधायचे. आता तिथे दुकानं आहेत. बहुतेकांनी टॉवरवाल्यांच्या करारावर सह्या करून टाकल्या. सही करील त्याला बसस्टँडमागे नवीन गाळा मिळणार. मुदत १० एप्रिल. त्यानंतर काहीच नाही.

राहिली एक बाइंडरबाई. तीस वर्षं आमच्या कचेरीची जन्ममृत्यूची रजिस्टरं हीच बांधते. एकटी बाई, साठी उलटलेली. घोडे पाणी प्यायचे त्या दगडी कुंडात कागदाचे गठ्ठे. लोखंडी चाकाचं प्रेस. खळीचा वास. मला बसायला स्टूल दिलं, चहा दिला. मी डेपोबद्दल पाऊण तास बोललो. मग म्हटलं, बाई, सही करू नका. डेपो वाचला समजा.

तिने विचारलं, नक्की ना साहेब?

मी छातीवर हात ठेवला. म्हटलं, माझ्यावर सोडा.

घरी येताना एकदम तरुण वाटत होतं. आज लिहिणार होतो, पण हा उत्साह असा लगेच खर्च करणं बरं नाही.

सोमवार, १० मार्च
पहिलं वाक्य झालं. उत्कृष्ट. पण त्यात साल येतं. डेपो १८८७ चा की १८८९ चा? सालच चुकलं तर पुढच्या चार पानांना काय अर्थ? रेकॉर्ड रूममध्ये गेलो. साल नाही सापडलं. रस्त्यावरच्या दिव्यांची एक अप्रतिम फाइल सापडली. कोणत्या दिव्याला किती तेल, कोणी चोरलं, सगळं. पाच कधी वाजले कळलंच नाही.

भाचा येऊन गेला. माझ्या बहिणीचा मुलगा. टॉवरवाल्यांचा आर्किटेक्ट हाच, हे मी आजवर लिहायचं टाळलं. पेन्सिल कशी धरायची ते मी शिकवलं याला. म्हणाला, मामा, डेपो यादीत आहे का? मला दिसला नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे जायला नको वाटतं.

मी म्हटलं, वेबसाइटवरची यादी जुनी आहे.

तो बरं म्हणाला. वाकून नमस्कार करून गेला. याच्या नमस्काराचा मला भयंकर राग येतो.

गुरुवार, १३ मार्च
नोंद होईलच. पण एका नोंदीवर विसंबून राहणं हे दूरदृष्टीचं लक्षण नव्हे. लोक जागे झाले पाहिजेत. लोकांना शहाण्णव मीटर म्हणजे काय ते कळत नाही. ते दाखवायचं. कसं? फुगा!

मोठा लाल फुगा, दोरीला बांधून, डेपोच्या छतावरून बरोबर शहाण्णव मीटरवर सोडायचा. गाव वर बघेल आणि हादरेल. खाली मी हरकतीचे कागद घेऊन उभा.

मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुखांनी, दोन मिनिटांत परवानगी दिली. माझ्या खुर्चीचं चाक बदलायला त्यांना दोन वर्षं लागली होती. पण कल्पनाच तशी आहे.

सोमवार, १७ मार्च
फुग्याची तयारी. कंबर धरली. प्रिंटरची शाई संपली. (लिहितो हाताने, पण प्रिंटर बंद असला की मनाला टोचणी लागते.)

संध्याकाळी बायको लॅबमधून आली, बूट काढले, कॉम्प्युटर सुरू केला आणि म्हणाली, बोल. तू सांग, मी टाइप करते. आत्ता. डेपो समोर दिसतोय असं समज आणि बोल.

मी म्हटलं, असल्या गोष्टी तोंडी सांगता येत नाहीत.

ती म्हणाली, बाइंडरबाईला तर रोज सांगतोस.

मी म्हटलं, ते वेगळं. तिने बोटं कीबोर्डवरून उचलली. मग कॉम्प्युटर बंद करून कपडे घडी करायला गेली. उगाच बोललो असं वाटलं. उद्या तिला सांगतो.

गुरुवार, २० मार्च
तेरा दिवस उरले. भरपूर. चार पानं भागिले तेरा दिवस, रोज एक तृतीयांश पानसुद्धा येत नाही. तक्ता केला. हिरवा म्हणजे लेखन, निळा म्हणजे संशोधन, तांबडा म्हणजे अडचणी. फार छान झालाय. दिवस त्यातच गेला. तक्त्यात या दिवसाला कोणता रंग द्यावा कळेना.

रविवार, २३ मार्च
लिहवत नाही. पण लिहितो.

फुगा सकाळी दहाला वर गेला. चौकात ही गर्दी. लोक खरंच वर बघत होते. मी म्हटलं, आता हादरतील. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, अहो, तिथून आमच्या मुलीचं घर दिसेल हो! पलीकडची बाई म्हणाली, नदीपण दिसेल. तिसरा म्हणाला, डास येत नाहीत एवढ्या उंचीवर. पोरं टाळ्या वाजवत होती. सगळे फोटो काढत होते, आणि प्रत्येक फोटोत डेपो खाली अर्धा कापलेला.

भाचा कोपऱ्यात छत्री उघडून, टेबल टाकून बसला होता. वरच्या मजल्यांवर घर हवं असेल त्यांनी नाव लिहा. दोनशे चौदा नावं. माझ्या हरकतीच्या कागदावर सहा सह्या. त्यात एक माझी, एक बायकोची, आणि दोघांना वाटलं की फुग्यात बसायला मिळणार आहे.

बाराला वारा सुटला. दोरी डेपोच्या कठड्यावरच्या चुन्यात घडवलेल्या घोड्याच्या मानेत अडकली. मी ओरडलो, ओढू नका! फुगेवाल्याला ऐकू आलं, ओढून धरा. त्याने ओढलं. घोड्याचं मुंडकं खाली आलं. नशीब, लोक फुग्यामागे पलीकडे धावले होते. कोणाला लागलं नाही.

बाइंडरबाईने झाडून सगळे तुकडे सुपात भरले. म्हणाली, साहेब, घरी जा आता. जेवा काहीतरी.

गुरुवार, २७ मार्च
मुंडकं पडल्यावर तपासणीला आलेल्या इंजिनिअरचा रिपोर्ट आला. इमारत मोडकळीला आलेली, चौकातल्या लोकांच्या जिवाला धोका. मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, एकशे चाळीस वर्षं एक खपली पडली नाही. तो म्हणाला, साहेब, जी इमारत फुग्याने पडते तिला मी मजबूत कशी लिहू?

उत्तर जिन्यावर सुचलं, पण आता आठवत नाही.

रविवार, ३० मार्च
सकाळपासून बसलो. बायकोने फोन बंद केला, दार ओढून घेतलं. दीड पान झालं. खरंच झालं. ट्राम चढावर आली की घोडे आपण होऊन थांबायचे आणि बसलेले लोक उतरून ढकलायचे, ते सगळं आलं त्यात. चार वाजता वाचून बघितलं. सुरुवात अगदी सामान्य. असं कोणीही लिहिलं असतं. फाडलं.

फाडल्या फाडल्या चूक कळली. तुकडे जुळवत बसलो. एक तुकडा खुर्चीखाली होता, तो सापडला. एक सापडलाच नाही. पंख्याने कुठे उडवला कोण जाणे.

तीन दिवस. माणसं तीन दिवसांत काय काय करतात. मी पण करीन. देवा, एवढ्या वेळी करू दे.

बुधवार, २ एप्रिल. रात्री, बहुधा आठ
क्रमाने लिहितो. रजा टाकली. सहाला बसलो. दुपारी दोनपर्यंत दोन पानं. तीनपर्यंत तीन. हात दुखत होता, पण पेन थांबत नव्हतं. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. ४:०५ वाजता शेवटचं पान सुरू. आणि तेवढ्यात तो किडा परत डोक्यात. १८८७ की १८८९?

रिक्षाने रेकॉर्ड रूम. वरच्या फळीवर, दिव्यांच्या फाइलच्या अगदी शेजारी, चुन्याच्या खरेदीचं बाड. साल १८८८! दोन्ही चूक! मी एकटाच तिथे मोठ्याने हसलो. उभ्या उभ्या खिडकीच्या कट्ट्यावर चौथं पान पुरं केलं. पळत खिडकी क्रमांक तीन, नोंदी दाखल होतात तिथे.

पाच वाजून अकरा मिनिटं. शटर खाली. शटरवर हात मारले. बाजूच्या दारातून कारकून डबा घेऊन निघाला होता. म्हणाला, साहेब, पाचलाच यादी बंद केली मी. सही शिक्का मारून वर पाठवली. मी कागद पुढे केले. म्हटलं, पूर्ण आहेत हो. चार पानं. त्याने घेतले नाहीत, पण बघितले. म्हणाला, अहो, तुम्ही दुपारी एक पान आणून दिलं असतं तरी चाललं असतं. चार पानं पाहिजेत असं नियमात कुठे आहे?

नाही. नियमात नाही. मी घरी येऊन नियम बघितले. नोंद म्हणजे नाव, जागा आणि तीन ओळींचं वर्णन. चार पानांचा नियम माझा होता.

नऊ वर्षं. तीन ओळी.

गुरुवार, ३ एप्रिल
झोप नाही. पण सकाळी विचार केला. अजून सुनावणी आहे, १६ तारखेला. तिथे माणूस समोरासमोर बोलतो. कागदापेक्षा वाणीचा प्रभाव जास्त. शाळेत वक्तृत्वात माझा दुसरा नंबर आला होता. अजून काही बिघडलेलं नाही. असं मी तीनदा लिहून काढलं.

गुरुवार, १० एप्रिल
आज सही करायची शेवटची तारीख. बाइंडरबाईला सांगायलाच हवं होतं. बाई, मी चुकलो, पळत जा आणि सही करा. एवढी दोन वाक्यं. चालता चालता पाठ केली.

दारात पोचलो तर तिने स्टूल पुढे केलं. चहा ठेवलेलाच होता. म्हणाली, काय म्हणतोय आपला डेपो?

मी म्हटलं, सगळं हातात आहे.

चहा प्यालो. परत येताना दोनदा मागे फिरलो. दोन्ही वेळा चौकातल्या घड्याळापर्यंत जाऊन परत. पाच वाजले आणि सुटलो असं वाटलं. सुटलो! एका म्हाताऱ्या बाईचं पोट बुडवून मी सुटलो. बायकोला सांगितलं नाही. या वहीलाही सांगणार नव्हतो.

बुधवार, १६ एप्रिल
सुनावणी. सभागृहात वीसेक माणसं. माझं भाषण चाळीस मिनिटांचं. वेळ मिळाला तीन मिनिटांचा. दिव्यांच्या तेलापर्यंत आलो आणि घंटा वाजली.

मग भाचा उठला. आवाज अगदी खाली. म्हणाला, मला एकच विचारायचं आहे, डेपो यादीत आहे का? असेल तर आम्ही आज प्लॅन मागे घेतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोठे साहेबसुद्धा. मी पाणी प्यालो. खूप उत्तरं होती, तांत्रिकदृष्ट्या, प्रक्रियेत, तत्त्वतः. एकही तोंडातून निघेना. मी म्हटलं, नाही. माझ्यामुळे नाही.

कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. मोठे साहेब म्हणाले, होतं असं. कारकुनाने इतिवृत्तात लिहिलं ते मी खाली बघून वाचलं. 'वारसा कक्ष: हरकत नाही.'

भाचा बाहेर थांबला होता. नमस्कार केला नाही या वेळी. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि रिक्षापर्यंत आला. म्हणाला, मामा, मी तुमची वाट बघितली. खरंच बघितली. दोन तारखेला पाचपर्यंत मी खिडकीपाशीच उभा होतो.

गुरुवार, १७ एप्रिल
उठल्या उठल्या बायकोला सगळं सांगितलं. बाइंडरबाईचंसुद्धा. तिने माझी चप्पल दारात आणून ठेवली. मग म्हणाली, जा. आत्ताच्या आत्ता जा, आणि तिच्याकडे चहा पिऊ नकोस.

गेलो. स्टुलावर बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. नोंद, नऊ वर्षं, शटर, दहा तारखेचा खोटेपणा. पाय धरायला वाकलो तर बाई दचकून मागे सरकली. म्हणाली, अहो साहेब, हे काय! मी सही कधीच केली.

कधी?

आठ मार्चला. तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या तिसऱ्या दिवशी. म्हणाली, इथे संडास पार अंगणापलीकडे, दाराला कडी नाही. नव्या गाळ्यात आतच आहे, कडीसकट. माझ्या वयाच्या बाईला वारशापेक्षा कडी मोठी.

मग मला का नाही सांगितलंत, म्हणून विचारलं.

ती प्रेसचं चाक पुसत होती. म्हणाली, तुम्ही रोज यायचात. असं बोलायचात की वाटायचं, आपण तबेल्यात नाही, एखाद्या महालात बसलोय. तीस वर्षांत इथे असं कोणी बोललं नव्हतं. तुमचं मन मोडवेना.

आनंद व्हायला हवा होता. कोणाचं नुकसान झालं नाही. मी मात्र कुंडाच्या कडेला बसलो आणि खळीची वाफ डोळ्यांत गेली. खळ थंड होती.

तिने चहा केला. बायकोने नको म्हटलं होतं. प्यालो.

सोमवार, ९ जून
पाडायला सुरुवात. तीन दिवस लागतील म्हणाले. मी डबा घेऊन समोरच्या बाकावर बसलो. दुपारच्या चहापर्यंत निम्मा गेला. उद्या बघायला जाणार नाही.

मंगळवार, १० जून
गेलो. साडेअकराला काही उरलं नव्हतं. चौकात एकदम खूप ऊन. माणसं थांबत होती, इथे काय होतं बरं, म्हणत होती आणि पुढे जात होती.

मंगळवार, २४ जून
सकाळी भाच्याचा फोन. टॉवरच्या दाराशी दगडात जुन्या डेपोचं चित्र कोरणार आहेत. त्याचीच कल्पना. पण फोटोंत सगळीकडे बोर्ड, टेम्पो, झाडं. खाली कमानी एकूण किती होत्या? मामा, तुमच्याशिवाय कोणाला माहीत असणार?

मी म्हटलं, तेरा. लगेच, ठासून.

फोन ठेवला आणि शंका आली. तेरा कशावरून? चार पानं काढून वाचली. घोडे आहेत, चढ आहे, चुना आहे, १८८८ आहे. कमानी 'डौलदार' आहेत. किती ते नाही. कचेरीतून थेट बसस्टँडमागे बाइंडरबाईच्या गाळ्यात. ती म्हणाली, माझी कोपऱ्यातली. आत बसणारं माणूस बाहेरच्या कमानी कशाला मोजेल?

संध्याकाळी बायको लॅबमधून आली. सहज विचारल्यासारखं विचारलं. बूट काढता काढता म्हणाली, अकरा.

नक्की?

म्हणाली, लग्नाआधी तू मला तिथेच भेटायला बोलवायचास. मी सहाला यायचे, तू पावणेसातला. इकडून तिकडे मोजायचे, तिकडून इकडे मोजायचे. अकराच.

धावत भाच्याला फोन. म्हटलं, तेरा नाही, अकरा. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, दुपारीच कोरायला दिलं, मामा. राहू दे. आता कोण मोजायला बसलंय?

तुझी मामी मोजायची, असं सांगणार होतो. त्याने फोन ठेवला होता.